मदत हवी आहे: 'द इमिग्रंट' पडद्यावर फार पळतो, वेग कसा दुरुस्त करावा?

वाचनालयात मुलांना चॅप्लिनचा 'द इमिग्रंट' (१९१७) दाखवायचा आहे. संगणकावरच्या व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरवर सगळे धावतच सुटल्यासारखे दिसतात. फाईल सेकंदाला २५ फ्रेम्सची (एकेका स्थिर चित्रांची) आहे. चित्राची डावी बाजू कापल्यासारखी वाटते, मधे येणाऱ्या मजकुराच्या पाट्यांची पहिली अक्षरं अगदी कडेला टेकतात. सोबत वाद्यवृंद आणि आपटल्या-धोपटल्याचे आवाजही आहेत. वेग किती ठेवू? आणि कापलेला भाग परत मिळवता येईल का?

प्रतिसाद १
कापलेला भाग या फाईलमधून मिळणार नाही. म्युच्युअल या चित्रपट कंपनीसाठी केलेले चॅप्लिनचे बाराही लघुपट १९३२ पासून व्हॅन ब्यूरेन कंपनीने संगीत आणि आवाज घालून पुन्हा बाजारात आणले. तुमची प्रत बहुधा त्यातलीच. ध्वनिपट्टी फिल्मवर डाव्या अंगाला बसते आणि मूकपटाची चौकट पूर्ण रुंदीची असते, म्हणून तेवढं चित्र पट्टीने खाल्लं. मूळ मूक प्रतीवरून केलेली फाईल शोधा.

पळण्याचं कारणही तेच. आवाज आला की वेग २४ ला बांधला जातो. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवत. एका फेऱ्याला ८ फ्रेम्स, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे १६. थिएटरात त्याहून जरा जोरातच चालवत. त्यामुळे 'खरा वेग' अमुकच असं छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. १८ ते २२ मध्ये डोळ्याला पटेल तो घ्या.

अंदाजासाठी: ३५ मिमीच्या एका फुटात १६ फ्रेम्स, हजार फुटी रिळात १६,०००. २४ ने ते रीळ ११ मिनिटांत संपतं, २० ने १३ मिनिटं २० सेकंद चालतं. हा दोन रिळांचा लघुपट आहे.

प्रतिसाद २
हळू करण्याआधी एक तपासणी करा, नाहीतर दुहेरी दुरुस्ती होईल. व्हीएलसीत 'ई' कळ दाबत एकेक फ्रेम पुढे न्या, कुणीतरी सतत चालत असेल अशा जागी. ठरावीक अंतराने तीच फ्रेम दोनदा येत असेल, तर कुणीतरी आधीच फ्रेम्स भरून वेग उतरवलाय. अशी फाईल आणखी हळू केली की ती अडखळणारच.

पुनरावृत्ती नसेल तर उघड्या चौकोनी कंसाची [ ही कळ दोनदा दाबा. दर वेळी वेग ०.१ ने उतरतो. ०.८ वर २५ चे बरोबर २० होतात.

जहाजावरच्या दृश्यावरून वेग ठरवू नका, ते हेलकावे मुद्दाम घडवलेले आहेत. रेस्टॉरंट बघा. चार्ली घेवड्याचे दाणे खातो आणि एरिक कँपबेलचा धिप्पाड वेटर टेबलांमधून ये-जा करतो, तिथे चाल वजनदार वाटली पाहिजे. १० सेंट कमी पडलेल्या गिऱ्हाइकाला वेटर तुडवतात ती हाणामारी मात्र २० वरही वेगवानच दिसेल. दिसू द्या, गंमत तीच आहे.

धागाकर्ता
पुनरावृत्ती नाही. ०.८ वर लॅपटॉपवर छान दिसतं, पण प्रोजेक्टरवर बारीक झटके बसतात.

प्रतिसाद २
प्रोजेक्टर ५० हर्ट्झवर असणार, म्हणजे पडद्यावर सेकंदाला ५० वेळा चित्र उमटतं. ५० ला २० ने भागलं की अडीच येतात. एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा दिसते, म्हणून झटके. लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ६० करा, प्रत्येक फ्रेम तीनदा येईल. १८ ठेवायचं मनात असेल तर ६० वरही झटके येतील, २० च बरं.

प्रतिसाद ३
आवाज बंदच ठेवा. वेग उतरवला की वाद्यवृंद रेंगाळतो. शिवाय भारतात चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं असतो, पण नव्याने दुरुस्त केलेल्या प्रतीवरचं संगीत ताजं असू शकतं आणि त्याचा हक्क वेगळा. पेटी-तबला पुरेसा आहे. वादकाला आधी एकदा २० च्याच वेगाने पूर्ण दाखवा आणि पाटी आली की हात हलका ठेवायला सांगा. मुलं पाट्या मोठ्याने वाचतात.