मदत हवी आहे: होमपेजवरचा कापसाचा भाव बदलूनच नाही राहिला

पऱ्हाटीवाली:
आमच्या शेतकरी गटाची वेबसाइट आहे, समुद्रपूर तालुक्यातली, मीच बनवली एलिमेंटरवर (वर्डप्रेसमध्ये पान बनवायचं टूल). होमपेजवर 'आजचा कापूस भाव' असं हेडिंग आहे, त्याला डायनॅमिक टॅग लावला, म्हणजे रोज सकाळी मी फक्त आकडा टाकायचा आणि पानावर आपोआप यायला पाहिजे. चार दिवस झाले, येतच नाही. टॅग काढून परत लावला, सीएसएस रिजनरेट केलं, काही फरक नाही. काल एक भाऊ जुना भाव पाहून मेटॅडोर भरून आले, क्विंटलमागं दोनशेचा फरक निघाला, परत नेणं परवडत नव्हतं म्हणून तसाच दिला. त्यांना काय सांगू मी? उद्या सकाळी परत भाव टाकायचा आहे, लवकर सांगा प्लीज.

सायबरवाला_हिंगणघाट:
प्रो आहे का फ्री? फ्रीमध्ये हे टॅग चालत नाही. आणि आकडा कुठं टाकते तू, तेच नाही लिहिलं.

पऱ्हाटीवाली:
प्रो आहे भाऊ, नाही तं टॅग लागला कसा असता. आकडा एसीएफच्या (वर्डप्रेसमध्ये स्वतःचे रकाने बनवायचं प्लगीन) फील्डमध्ये टाकते, तेच तर वापरतात सगळे.

थीमबिल्डर_अमरावती:
मला माहीत आहे काय झालं. टेम्प्लेटच्या प्रिव्ह्यू सेटिंगमध्ये एकच पोस्ट निवडलेली असन, म्हणून एडिटरमध्ये त्याच पोस्टचा आकडा दिसते. माझ्याकडं संत्र्याच्या बागांची ६० पानं आहेत, प्रत्येक बागेचं नाव, झाडं, आंबिया बहार का मृग बहार, सगळं एकाच सिंगल टेम्प्लेटमधून येते. तू पण भावाचा वेगळा पोस्ट टाइप बनव, लूप ग्रिड (एकाच साच्यात पोस्टांची यादी) लाव, डिस्प्ले कंडिशन नीट टाक. हेच बरोबर आहे.

पऱ्हाटीवाली:
दादा टेम्प्लेट नाही आहे, साधं होमपेज आहे. एक आकडा दाखवायला लूप ग्रिड कशाला?

ब्लॉकप्रेमी_पुणे:
पेज बिल्डर काढून टाका असं सुचवेन. वर्डप्रेस ६.५ पासून, म्हणजे २०२४ पासून, ब्लॉक बाइंडिंग आलं आहे, परिच्छेदाला किंवा हेडिंगला थेट कस्टम फील्ड जोडता येतं. हलकं आहे आणि दरवर्षी प्रोचे पैसेही भरावे लागत नाहीत.

सायबरवाला_हिंगणघाट:
पुणेकर, तिला उद्या सकाळी भाव दाखवायचा आहे आणि तुम्ही साइट नव्यानं बांधायला सांगून राहिले. आणि बाइंडिंगनं तरी काय होईन, दोष कुठं आहे तेच माहीत नाही अजून.

ब्लॉकप्रेमी_पुणे:
चूक मुळातच असेल तर सांगायला नको का? मी स्वतः तीन साइट हलवल्या आहेत.

कास्तकार_दादा:
बाई, तुमच्या पानावर ओलाव्याचं पण लिहा. सीसीआयवाले (सरकारी कापूस महामंडळ) ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव देते, ८ ते १२ मध्ये कपात होते, १२ च्या वर घेतच नाही. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० आहे, पण सकाळी दवात वेचलेला कापूस नेला का तेवढा हातात पडत नाही. लोक भाव पाहून निघते आणि ओलाव्यात मार खाते.

पऱ्हाटीवाली:
दादा लिहीन नक्की, पण आधी आकडा तं बदलू द्या.

हुकवाला:
ताई, 'बदलत नाही' म्हणजे कोणाच्या मोबाइलवर? तुमच्या का गावकऱ्यांच्या?

पऱ्हाटीवाली:
माझ्या लॅपटॉपवर तर नवाच दिसते ना, म्हणून तर समजून नाही राहिलं. लोकांच्या मोबाइलवर जुना राहते.

सायबरवाला_हिंगणघाट:
हे पहिल्या ओळीत पाहिजे होतं ताई! आपण सगळे टॅगच्या मागं लागलो.

हुकवाला:
आता तीन गोष्टी सांगा. एक, तुम्ही अ‍ॅडमिन म्हणून लॉगिन राहूनच पाहता का. दोन, फील्ड होमपेजलाच लावलं आहे का वेगळ्या ठिकाणी. तीन, कॅशे प्लगीन आहे का. आणि भावाजवळ तारीख असन तर लोकांच्या मोबाइलवर तीही जुनीच दिसते का पाहा.

पऱ्हाटीवाली:
लॉगिन तर नेहमीच असते. फील्ड एसीएफच्या ऑप्शन्स पेजवर आहे, डाव्या मेनूत 'आजचा भाव' म्हणून, कारण गटाचे सचिव पण कधी कधी भाव टाकते, त्यांच्या हातून पानच बिघडू नये. कॅशे होस्टिंगवाल्यानंच लावून दिलं होतं साइट सुरू करताना. तारखेला करंट डेटचा टॅग लावला आहे. आत्ता आईच्या मोबाइलवर पाहिलं, तारीख पण चार दिवसांपूर्वीची!

हुकवाला:
मग टॅग बरोबर आहे, कॅशेचा प्रश्न आहे. करंट डेट काही तुम्ही टाकत नाही, तीही अडकली म्हणजे अख्खं पानच जुनं आहे. प्लगीन पानाची तयार प्रत साठवून ठेवते आणि येणाऱ्याला तीच देते, लॉगिन असलेल्याला बहुतेक ताजं पान मिळते. होमपेज अपडेट केलं असतं तर जुनी प्रत निघाली असती, पण तुम्ही अपडेट करता ऑप्शन्स पेज, त्यामुळं होमपेज बदललं हे प्लगीनला कळतच नाही. सीएसएस रिजनरेट करून स्टाइलच्या फायली नव्यानं बनते, प्लगीनची प्रत तशीच राहते.
आजच्यापुरतं: कॅशे प्लगीनच्या सेटिंगमध्ये होमपेज वगळा आणि एकदा सगळी कॅशे साफ करा. नंतर सावकाश: एसीएफच्या सेव्ह पोस्ट हुकवर (सेव्ह होताच आपला कोड चालवायची जागा) चार ओळी लिहा, ऑप्शन्स सेव्ह झालं का होमपेजची कॅशे साफ. ओळी मी देतो, फक्त प्लगीन कोणतं ते कळवा.

थीमबिल्डर_अमरावती:
होमपेज वगळलं तर हळू उघडन. आमच्याकडं रेंजच दोन काड्या असते. त्यापेक्षा फील्ड होमपेजलाच लाव, अपडेट दाबलं का कॅशे साफ, हुकची गरजच नाही.

हुकवाला:
मग सचिवांना होमपेजच उघडून द्यावं लागन, तेच तर ताईंना नको आहे. दोन काड्यांवर जड पडते ते फोटो, ते बारीक करा. एलिमेंटरची स्वतःची एलिमेंट कॅशे पण असते, सेटिंगच्या परफॉर्मन्समध्ये, तीही पाहून घ्या.
आणि ताई, करंट डेटचा टॅग काढाच. ज्या दिवशी भाव टाकायचा राहीन त्या दिवशी कालच्या भावावर आजची तारीख छापली जाईन, आणि परत कोणी मेटॅडोर घेऊन येईन. तारखेचं वेगळं फील्ड करा, भाव टाकताना तारीख हातानं टाका. टॅगच्या अ‍ॅडव्हान्समध्ये बिफोरला रुपयाचं चिन्ह, आफ्टरला 'प्रति क्विंटल', आणि फॉलबॅकला 'निघण्याआधी फोन करा'. फील्ड रिकामं असलं का फॉलबॅक दिसते.

संत्रावाला_वरूड:
व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भाव टाका ना, कशाला एवढा ताप. आमच्या गावात तेच चालते.

पऱ्हाटीवाली:
ग्रुपवर गावातलेच आहे, हिंगणघाटकडचे लोक वेबसाइटच पाहते भाऊ.
होमपेज वगळलं, कॅशे साफ केली, तारखेचं फील्ड केलं, फॉलबॅकला गटाचा नंबर टाकला. हुकवाला भाऊ, प्लगीनचं नाव तुम्हाला मेसेज केलं आहे.

पऱ्हाटीवाली (दुसऱ्या दिवशी):
सकाळी ७ वाजता भाव टाकला आणि मेटॅडोरवाल्या भाऊंनाच फोन करून पान उघडायला लावलं. तारीख आणि आकडा दोन्ही आजचेच होते. भाव कालच्यापेक्षा कमी आहे म्हणून ते आज निघाले नाहीत.