सुपरमार्केटची ६० दिवसांची उधारी : एआयचा सल्ला कितपत धरावा?

प्रश्न (चिवडा-शेव उत्पादक, सिन्नर)

नमस्कार. माझा पाकीटबंद चिवडा आणि शेव बनवण्याचा लहान कारखाना आहे. उद्यम नोंदणी सूक्ष्म गटात आहे आणि चौदा जण कामाला आहेत. आजवर सगळा माल किराणा दुकानदारांकडे गेला आणि तिथली उधारी सहसा पंधरा दिवसांपुढे जात नाही. आता एका सुपरमार्केट साखळीने महिन्याला ४ लाख रुपयांचा माल मागितला आहे, पण पैसे ६० दिवसांनी मिळतील आणि न खपलेला माल परत घ्यावा लागेल.

धंद्याचे बोलायला घरात कोणी नसल्याने मी सगळे आकडे एआयपुढे मांडले. ‘ही संधी घ्यावी असे वाटते’ असे लिहिले, तेव्हा त्याने विस्ताराचा आराखडा करून दिला. दुसऱ्या दिवशी त्याच आकड्यांवर ‘मला हे धोक्याचे वाटते’ असे लिहिले, तर त्याने माझ्या सावधपणाचे कौतुक केले. दोन्ही उत्तरे वाचताना पटत होती, आणि त्याचीच मला भीती वाटली. अशा साधनाशी विचारविनिमय करावा तरी कसा?

उत्तर (हळद व्यापारी, सांगली)

ताई, आपल्याला आलेला अनुभव हा या साधनांचा सर्वांना ठाऊक असलेला दोष आहे. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयने चॅटजीपीटीतील एक बदल काही दिवसांतच मागे घेतला, कारण ते वापरणाऱ्याच्या म्हणण्याला अवाजवी होकार भरू लागले होते. म्हणून मी माझा निर्णय आधी वहीत लिहून ठेवतो आणि एआयला माझा कल कळू देत नाही.

मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी २००७ मध्ये एका लेखात मांडलेली पद्धत इथे फार उपयोगी पडते. ‘एक वर्ष उलटले आहे आणि हा व्यवहार बुडाला आहे, तो का बुडाला ते सांग’, असे विचारायचे. बुडाल्याचे गृहीत धरले की होकार भरायला जागाच उरत नाही. गेल्या वर्षी गोदामातली हळद तारण ठेवून भावाची वाट पाहावी का, हे मी असेच विचारले. आलेल्या दहा कारणांपैकी बहुतेक मला ठाऊक होती, काही निरुपयोगी होती. पण एकाने विम्याची तारीख पाहायला लावले, आणि विमा तारणाच्या मुदतीआधीच संपत होता.

उत्तर (सनदी लेखापाल, नाशिक)

वरील पद्धत योग्य आहे, परंतु कायदा आणि कर यांबाबत एआयच्या उत्तरावर विसंबू नये. माझ्या एका अशिलाला त्याने पाकीटबंद नमकीनवर १२ टक्के जीएसटी सांगितला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के आहे.

आपल्या प्रश्नातली मुख्य गोष्ट तर वेगळीच आहे. एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) विकास कायदा, २००६ नुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि करार नसल्यास १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. अर्थात, हक्क असणे आणि नव्या गिऱ्हाईकाकडे तो मागणे यांत अंतर आहे. तो कितपत मागता येईल याचा अंदाज समोर बसून बोलणाऱ्यालाच येतो.

हिशेबही हाताने करून पाहा. ६० दिवसांत ८ लाख अडकतात; त्यासाठी बँकेकडून घेतलेला ओव्हरड्राफ्ट (खात्यातील शिलकीपेक्षा जास्त उचललेली रक्कम) वर्षाला १२ टक्के व्याजाचा धरला तर महिन्याला ८,००० रुपये, म्हणजे ४ लाखांच्या विक्रीवर २ टक्के नफा व्याजातच जातो.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. काल ‘व्यवहार बुडाला’ असे धरून विचारले. त्याने दिलेल्या कारणांत परत येणारा माल पाचव्या क्रमांकावर होता. मी तो पहिला धरला, कारण आमचा चिवडा तिसऱ्या महिन्यात खवट होऊ लागतो आणि दोन महिन्यांनी परत आलेले पाकीट कोणताही किराणा दुकानदार घेणार नाही. हे त्याला माहीत नव्हते, कारण मीच लिहिले नव्हते. सोमवारी खरेदी व्यवस्थापकांना भेटून ४५ दिवसांची मुदत, आधी केवळ तीन शाखा आणि माल परत करायचा असल्यास तो पोचल्यापासून ३० दिवसांच्या आत, एवढे तीन मुद्दे ठेवणार आहे.