'इंटेलिजंट डिझाइन'ला मराठीत काय म्हणावं?

धरमपेठकर:
विज्ञान शिक्षकांच्या कार्यशाळेसाठी एक टिपण मराठीत करून राहिलो आहे, आणि एका शब्दावर गाडी अडली. विषय अमेरिकेतला डोव्हर खटला. पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हरच्या शाळा मंडळानं ठरवलं, की नववीत उत्क्रांती शिकवण्याआधी मुलांना एक निवेदन वाचून दाखवायचं: डार्विनची ती थिअरी आहे, फॅक्ट नाही, इंटेलिजंट डिझाइन, म्हणजे सजीव कोण्या बुद्धिमान कर्त्यानं हेतूनं रचले, असंही एक स्पष्टीकरण आहे. विज्ञान शिक्षकांनी वाचायला साफ नकार दिला, तर अधिकारी वर्गात येऊन वाचून गेले. पालक कोर्टात गेले. २० डिसेंबर २००५ ला न्या. जॉन जोन्स यांनी निकाल दिला, की हे विज्ञान नव्हे, सरकारी शाळेत विज्ञानाच्या तासाला चालणार नाही.

मी आधी 'बुद्धिमान रचना' लिहिलं. एक सर म्हणाले, "बुद्धिमान कोण, रचना की रचणारा?" मग 'रचनावाद' केलं, तर जिल्हा परिषद शाळेतल्या एक ताई म्हणाल्या, "ते तर आमच्याकडे कधीचं सुरू आहे नं, फरशीवर गोल आखून ठेवले!" त्यांना ज्ञानरचनावाद वाटला, मुलांनी करून बघत स्वतः शिकायची ती पद्धत. सुचवा काहीतरी.

माजी मास्तरीण:
'बुद्धिपुरस्सर रचना'. मुरलेला शब्द आहे. हेतूही आला, कर्ताही आला.

बर्डीवाला:
मॅडम, बुद्धिपुरस्सर आता फक्त बदनामी आणि टाळाटाळच होते. देवावर एफआयआर झाल्यासारखं वाटेल.

माजी मास्तरीण:
वर्तमानपत्रांनी नासवला म्हणून शब्द टाकून द्यायचा?

खोडरबर:
तुम्ही नेमका शब्द शोधताय, पण मूळ शब्दच मोघम राहावा म्हणून पुढे केलेला आहे. १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं लुइझियानाचा निर्मितीवाद (क्रिएशनिझम, म्हणजे सजीव देवानंच निर्माण केले हे मत) शिकवण्याचा कायदा रद्द केला. डोव्हरच्या निवेदनात ज्या पुस्तकाचा हवाला होता, त्याचे जुने मसुदे खटल्यात बाहेर आले. त्या निकालाआधी 'क्रिएशन', नंतर त्याच वाक्यांत 'डिझाइन'! एका ठिकाणी 'क्रिएशनिस्ट्स' खोडून 'डिझाइन प्रपोनन्ट्स' (डिझाइनचे पुरस्कर्ते) बसवताना घाई झाली आणि 'सीडिझाइन प्रपोनन्ट्सिस्ट्स' असं काहीतरी उरलं. जुन्या शब्दाचं डोकं आणि शेपूट जागच्या जागी. तेव्हा सरळ 'निर्मितीवाद' लिहा.

धरमपेठकर:
तसं कसं लिहू? हे दोन्ही एकच आहेत का, यावरच तर खटला होता. मीच पहिल्या पानावर 'निर्मितीवाद' लिहून टाकलं तर निकाल मीच दिला की. वाचकाला तो बुरखा आधी दिसू द्या, मग फाडू.

बर्डीवाला:
मग 'इंटेलिजंट डिझाइन'च ठेवा देवनागरीत. साडीचं डिझाइन, घराचं डिझाइन, नागपुरात कोणाला कळत नाही?

माजी मास्तरीण:
हाच आळस. नागपूरच्या 'सुधार प्रन्यास'मधला प्रन्यास, म्हणजे ट्रस्ट, तुम्ही पाळण्यात शिकला होतात का? पुण्याच्या माणसाला विचारा, अडखळेल. इथं प्लॉटचे कागद काढता काढता सगळ्यांच्या तोंडी बसला. शब्द वापरला की रुळतो.

खोडरबर:
खरी अडचण 'थिअरी'ची आहे. 'ही फक्त थिअरी आहे' या इंग्रजी वाक्यात टोमणा आहे. 'हा फक्त सिद्धांत आहे' म्हटलं तर टोमणाच गळून पडतो. सिद्धांत म्हणजे ज्याचा शेवट सिद्ध झाला तो. आमच्या वेळी पायथागोरसचाही सिद्धांतच होता, नंतर त्याचं प्रमेय झालं. डोव्हरचं निवेदन जसंच्या तसं मराठीत आणलं तर मुलं म्हणतील, सिद्धांत आहे नं, मग भांडता काहून?

बर्डीवाला:
'थेरी' म्हणा. 'थेरी नको झाडू, प्रॅक्टिकल बोल' यात तुमचा टोमणा आयता आहे.

माजी मास्तरीण:
'उपपत्ती' नावाचा चांगला शब्द आहे, पण तो कोण वाचणार!

महालातले काका:
मुळात 'उत्क्रांती'च तपासा. संस्कृतात उत्क्रान्ति म्हणजे जीवाचं देहातून निघून जाणं. ब्रह्मसूत्रांत 'उत्क्रान्तिगत्यागतीनाम्' आहे. मरणसमयी उत्क्रांतिधेनूचं दान सांगितलं आहे. लोक समजतात क्रांतीला 'उत्' लावून कोणीतरी शब्द पाडला.

बर्डीवाला:
म्हणजे राज्य मंडळाच्या दहावीचा पहिला धडा 'आनुवंशिकता आणि प्राण जाणे'?

त्रिमूर्तीनगरातली वहिनी:
आमच्याकडे तर उत्क्रांती खरोखरच गेली. मुलगी सीबीएसईला, २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातल्या त्या धड्यातून उत्क्रांती काढली, उरली आनुवंशिकता. शेजारचा हिंदी माध्यमाचा मुलगा 'डार्विन का विकासवाद' म्हणाला, तर तिला वाटलं निवडणुकीचं काही.

महालातले काका:
विकास नको. विकासात प्रगती गृहीत धरली जाते. डार्विनच्या नैसर्गिक निवडीला तसलं ध्येय नाही.

माजी मास्तरीण:
उत्क्रांतीतला 'उत्' तरी कुठे खाली नेतो, काका?

धरमपेठकर:
मंडळी, सोमवारी छपाईला द्यायचं आहे. आणि 'एप'ला, म्हणजे चिंपांझी-गोरिलांच्या गटाला, काय लिहू? 'माकडापासून माणूस' लिहिलं की पहिला आक्षेप तिथेच येतो.

महालातले काका:
कपी.

बर्डीवाला:
कपी कोण म्हणतं बाप्पा? वानर लिहा.

त्रिमूर्तीनगरातली वहिनी:
वानर म्हणजे रामटेकला हातातला प्रसाद पळवतो तो काळतोंड्या, लांब शेपटीचा. एपला शेपूट नसते.

बर्डीवाला:
वहिनी, तो माकड.

त्रिमूर्तीनगरातली वहिनी:
माकड लाल तोंडाचं. माहेर रामटेकचं आहे माझं.