"चार जण उचलून नेतील की!" – हिशेबनीस यांच्या पोस्टला उत्तर

उंबरठा
काल हिशेबनीस यांनी लिहिलं की नव्या इमारतीत रॅम्प, रुंद दारं, वेगळं टॉयलेट हे सगळं नुसतं दाखवायला असतं, व्हीलचेअर वर्षाकाठी एखादी येते, तेवढ्यासाठी जागा कोण वाया घालवणार, चार जण उचलून नेतील की. तिथेच लिहिणार होतो पण उत्तर फारच लांबलं म्हणून वेगळा धागा.

"उचलून नेतील" हे ज्याला कधी कोणी उचललेलं नाही तोच म्हणू शकतो. माझा मोठा भाऊ बॅटरीवरची खुर्ची वापरतो. रिकामी खुर्चीच १०० किलोच्या वर भरते, त्यात तो बसलेला. उचलणारे चौघं चार दिशांना ओढतात, एक जण हमखास आर्मरेस्टला धरतो आणि तो उपसून हातात येतो, मग सगळ्यांचे सल्ले सुरू, हा बिचारा मधे तिरका लटकलेला. वर पोचलं की "झालं की!" म्हणून हात झटकायचे, आणि खाली उतरायच्या वेळी त्यातला एकही जागेवर नसतो. आता तो अशा ठिकाणी जातच नाही. मग तुम्ही म्हणणार बघा, व्हीलचेअरवाले येतच नाहीत!

हिशेबनीस
माझ्या नावाने धागा निघाला, धन्य झालो. मी कोणाच्या विरोधात नाही हे त्याच पोस्टमध्ये लिहिलं होतं, ते सोयीस्कर गाळलंत. मुद्दा जागेचा आहे. १:१२ चा उतार म्हणजे एक मीटर चढायला बारा मीटर लांबी, १५० मिमीच्या तीनच पायऱ्या धरल्या तरी ४५० मिमी चढायला ५.४ मीटर रॅम्प, वर आणि खाली दीड-दीड मीटर सपाट जागा, म्हणजे जवळपास साडेआठ मीटर गेले. छोट्या प्लॉटवर हे कुठे बसवायचं, डोक्यावर? भावनेने काँक्रीट ओतता येत नाही.

रेषा_मारणारी
गणित बरोबर, पण जोतं ४५० वर नेलं कोणी? पाणी आत येतं म्हणून असेल तर बाहेरची फरसबंदीच गेटपासून हळूहळू चढवत आणा ना. उतार १:२० पेक्षा कमी ठेवला तर बऱ्याच नियमांत तो रॅम्प धरलाच जात नाही, कठड्याचीही सक्ती नसते, आणि सगळेच तिथून चालतात, कोणासाठी "वेगळं" काही केलंय असं वाटतही नाही. रोनाल्ड मेस हा वास्तुविशारद स्वतः लहानपणीच्या पोलिओमुळे व्हीलचेअरवर होता, युनिव्हर्सल डिझाइनची, म्हणजे सगळ्यांना एकच रचना वापरता यावी अशी कल्पना त्याने मांडली ती नेमकी हीच. जागा कमी असली तरी बऱ्याचदा हे जमतं, फक्त नकाशा काढतानाच ठरवावं लागतं. बांधून झाल्यावर आठवलं की मग जागा नाही, बजेट नाही.

तरी काही क्लायंट असे भेटतात की विचारू नका. मी ९०० मिमीचं दार काढते, तो त्यात दणकट चौकट बसवतो, दार उघडल्यावर फळीची जाडी आणि हँडल आडवं येतं, मोकळी वाट उरते ७५०. आणि वर मलाच सांगतो, ९०० दिलं होतं की मॅडम.

काठी
रॅम्प, रॅम्प, रॅम्प. सगळ्यांसाठी इमारत म्हटलं की तुम्हाला फक्त चाकं दिसतात. माझी नजर जवळपास गेलेली आहे. ऑफिसच्या लिफ्टला उठावाची बटणं होती, छान चाललं होतं. मग "स्मार्ट" लिफ्ट आली. आता बाहेर गुळगुळीत काचेचा स्क्रीन, त्यावर मजला टाकायचा आणि कुठल्या लिफ्टने जायचं ते तो अक्षरात दाखवणार, आवाज शून्य. रोज कोणाला तरी विचारा, अहो जरा बघता का. मोठे पैसे खर्चून माझं अपंगत्व वाढवून दिलं.

न दिसणाऱ्यांना पायाने वाट कळावी म्हणून लावतात त्या पिवळ्या टाइल्सचीही तीच गत. जपानमध्ये १९६७ मध्ये पहिल्यांदा बसवल्या. उभ्या रेघा म्हणजे चला आणि ठिपके म्हणजे सावध. आमच्याकडे रेघांच्या संपल्या असतील, निम्म्या वाटेवर ठिपकेच टाकलेत. मी काय पावलापावलाला सावध होऊ?

चावीवाला
बोलू का? मी इमारतीची देखभाल बघतो. ते वेगळं टॉयलेट आम्ही कुलपात ठेवतो, कारण उघडं ठेवलं की धडधाकट लोक आत जाऊन अर्धा अर्धा तास फोनवर बोलतात. चावी सिक्युरिटीकडे असते.

उंबरठा
आणि सिक्युरिटी राउंडवर असते! अशा कुलपाबाहेर भाऊ थांबलेला आहे, पुढचं लिहीत नाही. उघडलं तेव्हा आत काय होतं? मॉप, बादल्या, फिनेलचे कॅन आणि नाताळचं झाड. खुर्ची वळायला दीड मीटर जागा सोडलेली होती, बरोब्बर तिथेच झाड.

चावीवाला
बादल्या कुठे ठेवायच्या ते रेषाताईंना विचारा! एवढ्या इमारती बघितल्या, हाउसकीपिंगला धड खोली एकीनेही दिलेली नाही. लॉबी दुमजली उंच, धबधबा हवा, पण मॉपला जागा नको. दोष मात्र आमच्या पोरांना.

रेषा_मारणारी
मी खोली दाखवते हो. तीच आधी कापली जाते आणि तिथे कॉफी मशीन येतं.

चावीवाला
मग रडू नका.

मध्यरात्र
मला पोटाचा जुनाट आजार आहे, पोटाला शौचाची पिशवी लावलेली आहे, ती बदलायला बेसिन आतच लागतं. बाहेरून काही दिसत नाही. त्या टॉयलेटमधून बाहेर आले की रांगेतले लोक वरपासून खालपर्यंत बघतात, एका काकूंनी तर तोंडावर म्हटलं, चांगली चालतेस की गं. चावीवाले, तुमचे "धडधाकट" तुम्ही कसे ओळखता तेवढं सांगा.

चावीवाला
हा विचार केला नव्हता असं म्हणून मोकळा झालो असतो, पण फोनवाले खोटे नाहीत. बरं, कुलूप काढतो. पण आत मदत बोलवायला असते ती लाल दोरी मी गुंडाळूनच ठेवणार, लोक फ्लश समजून ओढतात आणि खाली अलार्म बोंबलतो.

काठी
अहो, पडलेला माणूस जमिनीवर असतो! गुंडाळलेल्या दोरीपर्यंत उडी मारून पोचायचं का त्याने?

रेषा_मारणारी
दोरीला दोन लाल कड्या लावा, एक जमिनीपासून १०० मिमीवर, दुसरी ८०० ते १००० च्या मधे, म्हणजे फ्लशसारखी दिसणार नाही. आणि रिसेटचं बटण आतच, बसल्या जागी हात पोचेल असं. चुकून ओढणारा स्वतःच बंद करेल.

चावीवाला
रिसेट आत?? आमचं तळमजल्याच्या पॅनलवर आहे. दर वेळी पोरगा लिफ्टने खाली पळतो. बसवणाऱ्याला उद्या धरतो.

हिशेबनीस
माझ्या रॅम्पवरून तुम्ही दोरीवर पोचलात, छान. १:२० ची फरसबंदी नव्या प्लॉटवर जमेल, मान्य, घ्या, पेढे वाटा. जुन्या इमारतीचं काय ते अजून कोणी बोललेलं नाही.

उंबरठा
जुन्या इमारतीत चार जण उचलतील की! तुम्ही येताय ना? एका कोपऱ्याला धरायला. आर्मरेस्ट सोडून.

हिशेबनीस
टोमणा पोचला. तरी उत्तर नाहीच.

रेषा_मारणारी
मागचं दार बघा. बऱ्याच जुन्या इमारतींत माल उतरवायला मागे सपाट वाट असतेच, रंगकामाचे डबे काही कोणी पायऱ्यांवरून नेत नाही. ती उजळा, दिवे लावा, बेल लावा, आणि सगळ्यांनाच तिथून येऊ द्या. नुसती खुर्चीवाल्यांना कचऱ्याच्या पिंपांमधून वळवू नका.

चावीवाला
पिंपं कुठे ठेवू ते पण सांगा मग.