बोन्साय फायकसची पानं पिवळी पडतायत. तार आता बांधू की पावसाळ्यात?

गच्चीवरचा_फायकस
फायकस मायक्रोकार्पा, वय ८ वर्षं, बुंधा मनगटाएवढा, १४ इंची उथळ कुंडी. नाशिक, इंदिरानगर, गच्ची, दुपारी थेट ऊन. मार्चअखेर नर्सरीतून आणला, तिथं शेडनेटखाली होता. आता रोज ७-८ पानं गळतायत. शेंड्याची पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. पाणी बोअरचं, रोज सकाळी. खालच्या दोन फांद्या सरळ वर गेल्यात, त्या आडव्या करायच्यात. जाडी ९ मिमी, घरात दीड मिमीची तार आहे. बांधू का?

कुंडीतलं_रान
तार बाजूला ठेवा. यात दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

पानगळ जागाबदलाची दिसते. गळलेलं पान हातात घेऊन बघा. उन्हाकडच्या अंगाला कुरकुरीत तपकिरी डाग असेल तर ते करपलंय, महिनाभर दुपारी जाळी धरा. डाग नसून पान नुसतं मऊ पिवळं पडून गळत असेल तर मुळं तपासा: काठाची माती बोटभर उकरा. टोकं पांढरट आणि ताठ असली तर ठीक. काळी असली, चिमटीत साल निसटून आतला दोरा उरला, आंबूस वास आला, तर सडलीयत. मग पाणी रोज नको. बांबूची काडी दोन इंच खुपसून दहा मिनिटांनी काढा. ओलसर लागली तर त्या दिवशी सुट्टी.

हिरव्या शिरांचा पिवळेपणा लोहाचा. लोह मातीत असतं, पण बोअरच्या क्षारांनी माती अल्कधर्मी झाली की मुळांना ते उचलता येत नाही. आपल्याकडे कृषी सेवा केंद्रात द्राक्षवाल्यांसाठी चिलेटेड लोह (मुळांना उचलता येईल अशा रूपातलं) मिळतं. पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलंच घ्या, ईडीटीएवालं अशा मातीत टिकत नाही. मात्रा पाकिटावरच्या निम्मी. आणि जमेल तितकं नळाचं पाणी द्या, नाहीतर पुन्हा तेच. पिवळी झालेली पानं हिरवी होतीलच असं नाही. नवी कशी येतात ते बघा.

शंका असलेल्या डहाळीची साल नखाने जराशी खरवडा. हिरवं-ओलं म्हणजे जिवंत.

गच्चीवरचा_फायकस
खरवडली, हिरवं आहे, चीकही आला. मुळं पांढरी. मग जूनला तार?

तार_आणि_कटर
तारखेवर नको, शेंड्यावर जा. कोंबाचं टोकदार आवरण गळून लागोपाठ तीन-चार पानं पूर्ण आकाराची उघडली की झाड तयार. नाशकात पाऊस लागला की बहुतेक हे होतंच. मधे कुंडी बदललीत तर पुढे दीड-दोन महिने थांबा. तार ओढताना झाड हलतं आणि नवी मुळं तुटतात.

दीड मिमीच्या तारेला ९ मिमीची फांदी ऐकणार नाही. फांदीच्या एक तृतीयांश धरा, म्हणजे ३ मिमी ॲल्युमिनियम, लांबी जेवढं वेढायचंय त्याच्या दीडपट. एकाच तारेत दोन्ही फांद्या घ्या, मधे बुंध्याला किमान दीड वेढा; तो नसेल तर एक वाकवताना दुसरी सुटते. वेढे ४५ अंशात. फांदी खाली आणायचीय, म्हणून तार बुंध्याकडून येताना फांदीच्या वरून घ्या. वाकेल तिथं तार बाहेरच्या अंगाला हवी, नाहीतर साल नेमकी तिथंच फाटते. आदल्या दिवशी पाणी देऊ नका, फांदी जरा नरम येते. अर्धा बाक आज, उरलेला दोन-तीन आठवड्यांनी. ‘कट्’ वाजलं तर तिथंच थांबा, परत सरळ करायला जाऊ नका.

बुंधा_आणि_बाक
वरचं सगळं बरोबर, पण तार काढायचं कोणी लिहिलंच नाही आणि फायकस बिघडतो तो तिथंच. पावसाळ्यात फांदी इतकी भराभर जाडावते की चौथ्या-पाचव्या आठवड्यात तार रुतू लागते. दर रविवारी कुंडी फिरवून बघा. वेढ्याच्या दोन्ही बाजूंना साल फुगलेली दिसली की तार काढा, फांदी बसली नसली तरी. पुन्हा बांधता येते. रुतल्याचा व्रण वर्षानुवर्षं राहतो. तार उलगडू नका, पीळ सोडताना फांदी मोडते. प्रत्येक वेढ्यावर कटर लावून तुकडे करा. दुसऱ्यांदा जुन्या खुणांवरून तार नको.

डिसेंबर-जानेवारीत मात्र बांधू नका. थंडीत वाढ मंदावते, फांदी जागा धरत नाही, तार नुसती शोभेला.