मदत हवी आहे: ‘मानसिक आजार खरे नसतातच’ म्हणणाऱ्या दाजींना काय सांगावं?

नमस्कार मंडळी, मी परभणीचा. माझ्या धाकट्या भावाला बायपोलरसाठी (मन कधी अती उसळतं, कधी पार खचतं, तो आजार) लिथियमच्या गोळ्या चालू आहेत. आमचे दाजी खूप वाचणारे. गावात ‘बाहेरचं असंल’ म्हणणाऱ्यांशी तेच भांडले होते. आता मात्र म्हणतात, रक्तात दिसत नाही, एक्स-रेत दिसत नाही, मग आजार कसला? आधार देतात थॉमस साझ यांचा. त्या मानसोपचारतज्ज्ञानं १९६१ मध्येच हे मांडलं होतं. शिवाय समलैंगिकता १९७३ पर्यंत अमेरिकेतल्या मानसिक विकारांच्या यादीत होतीच की, म्हणतात.

हा दुसरा मुद्दा मला पटतो. यादी माणसंच करतात, चुकतात. पण अर्धशिशीसुद्धा रक्ताच्या तपासणीत दिसत नाही, म्हणून ती खोटी होते का? भाऊ रात्र-रात्र झोपायचा नाही, कर्ज काढून उधळायचा, ते आम्ही डोळ्यानं पाहिलंय.

आता दाजींचं ऐकून तो गोळ्या सोडायचं म्हणतोय. लिथियम एकदम बंद केलं तर आजार उलटण्याचा धोका असतो, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

दाजींचा मान राखून, पण मुद्द्याला मुद्दा असं काय सांगू? नांदेड-लातूरकडं घरच्यांनाही समोर बसवून समजावणारे डॉक्टर कुणाला माहीत आहेत का? टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर घरच्यांपैकी कुणी बोललं असेल तर तेही कळवा.