मदत हवी आहे : अक्कलकोट संस्थानच्या इनाम जमिनींचे जुने कागद

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, मूळ गाव अक्कलकोट तालुक्यात. आजीच्या ट्रंकेत मोडी लिपीतले सात-आठ कागद सापडलेत. दोनांवर शिक्का आहे, बाकीचे वाळवीने खाल्लेत. पणजोबा संस्थानची जमीन खंडाने कसायचे, एवढंच घरात ऐकलेलं.

थोडं वाचलं. पारदच्या राणोजी लोखंडेंना सातारच्या छत्रपती शाहू महाराजांनी मुलासारखं वाढवलं, तेच फत्तेसिंह भोसले, अक्कलकोट घराण्याचे मूळ पुरुष. पुढे १८४८ मध्ये सातारा खालसा झाल्यावर अक्कलकोट थेट इंग्रजांचं मांडलिक संस्थान झालं आणि १९४८ मध्ये विलीन झालं. मला सगळ्यात नवल वाटलं ते पिलीवचं. माळशिरस तालुक्यातलं हे गाव इतकं लांब असूनही अक्कलकोटकरांच्याच मुलखात होतं! आमच्या एका कागदावर 'पिलीव' असं वाचता येतंय, म्हणून जीव अडकलाय. पणजोबा तिकडून इकडे आले असतील का?

तर विचारायचंय असं की, विलीनीकरणानंतर संस्थानचं जमीन दप्तर कुठे गेलं? पुण्याच्या पुराभिलेखागारात, की इथल्या भूमी अभिलेख कार्यालयात? कुणी स्वतः शोधलं असेल तर अर्ज कसा केला तेही सांगा. आणि सोलापुरात मोडी नीट वाचणारं कुणी माहीत आहे का? योग्य ते मानधन देईन. जमिनीवर हक्क सांगायचा नाहीये, त्या सगळ्या गोष्टी इनामं गेली तेव्हाच संपल्या. आजी नव्वदीची आहे, तिच्या डोळ्यांदेखत हे कागद वाचून व्हावेत एवढीच इच्छा आहे.